व्हीआर हेडसेटला पुरेल असा कॉम्प्युटर: अकरा मिलिसेकंदांचा हिशोब

"काका, याच मशीनवर सगळे गेम लोण्यासारखे चालतात. मग हेडसेट घातला की दहा मिनिटांत मळमळायला का लागतं?"

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाचा हा प्रश्न. मामाने अमेरिकेहून येताना मेटा क्वेस्ट ३ हा व्हीआर (डोळ्यांसमोर आभासी दुनिया उभी करणारा) हेडसेट आणला, घरात जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डाचा कॉम्प्युटर होताच, आणि मॉनिटरवर तो खरंच छान चालत होता. मेटाच्या अ‍ॅपने ते कार्ड नाकारलं, म्हणून पठ्ठ्याने स्टीम लिंक (कॉम्प्युटरवरचं चित्र हेडसेटकडे पाठवणारं सॉफ्टवेअर) टाकून वायफायवर जुगाड जमवला होता. आईला वाटलं पोराला चष्मा लागला. डोळे ठणठणीत निघाले. दमत होतं ते कार्ड.

त्याला कागदावर जे मांडून दिलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितोय. बहुतेक जण आधी दुकानात जाऊन "व्हीआर चालेल असं कार्ड द्या" म्हणतात. हिशोब दुसऱ्या टोकाकडून सुरू करावा लागतो, म्हणजे हेडसेटकडून.

पायरी १: हेडसेट किती खातो ते काढा

फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल असतात. क्वेस्ट ३ मध्ये एका डोळ्यासमोर २०६४ गुणिले २२०८, दोन्ही डोळ्यांचे मिळून ९१ लाख. फोर-के टीव्हीचे ८३ लाख भरतात, म्हणजे टीव्हीपेक्षाही जास्त. क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३एस यांचे १८३२ गुणिले १९२०, दोन्ही डोळ्यांचे ७० लाख. पिमॅक्स क्रिस्टलसारख्या बड्या हेडसेटमध्ये एकेका डोळ्याला २८८० गुणिले २८८० आहेत. तिथे बेरीज दीड कोटीच्या वर जाते.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. भिंगातून चित्र वाकडं दिसतं, म्हणून सॉफ्टवेअर ते आधीच उलट्या बाजूला वाकवून पाठवतं. या वाकवावाकवीत मधला भाग धूसर होऊ नये यासाठी मूळ चित्र पडद्यापेक्षा मोठं काढावं लागतं. व्हॉल्व्ह इंडेक्सचा पडदा एका डोळ्याला १४४० गुणिले १६०० आहे, पण स्टीमव्हीआर (कॉम्प्युटरवर व्हीआर चालवणारं सॉफ्टवेअर) १०० टक्क्यांच्या सेटिंगवर २०१६ गुणिले २२४० एवढं चित्र काढायला लावतं. पिक्सेल जवळजवळ दुप्पट. खोक्यावर छापलेला आकडा आणि कार्डाला प्रत्यक्ष उपसावं लागणारं काम यांत एवढी तफावत असते.

आता वेळेचं बघू. मॉनिटरवर सेकंदाला ६० फ्रेम (एकामागून एक येणारी चित्रं) म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. हेडसेट ९० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९० फ्रेमवर, चालवला की एका फ्रेमला ११.१, १२० हर्ट्झवर फक्त ८.३. आणि इथे लोकलचा न्याय लागतो: ११.१ ची गाडी चुकली की ११.२ वाजता चढता येत नाही, पुढच्या गाडीची वाट बघायची. म्हणजे एखाद्या फ्रेमला १२ मिलिसेकंद लागले तर तिचा ठोका हुकतो. मग सॉफ्टवेअर आधीच्या फ्रेमवरून मधली फ्रेम स्वतःच रचतं आणि गेम खरा ४५ फ्रेमवर चालतो. मान वळवली तर हे फारसं जाणवत नाही. हात झपकन हलवले की कडांना जेलीसारखी थरथर दिसते. हे असं सतत व्हायला लागलं की पोटात ढवळतं.

म्हणून "सरासरी ९५ एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळतात" हे वाक्य व्हीआरच्या बाबतीत ऐकून सोडून द्यायचं. सरासरीच्या खाली कितीदा आणि किती घसरतं हा प्रश्न विचारायचा.

पायरी २: हेडसेट जोडला कसा जातो

या प्रश्नावर पुढची अर्धी खरेदी ठरते. ढोबळमानाने दोन जाती आहेत.

पहिल्या जातीला डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरची केबल लावायचा एक पोर्ट) लागतो. व्हॉल्व्ह इंडेक्स, बिगस्क्रीन बियाँड, पिमॅक्स क्रिस्टल ही मंडळी थेट ग्राफिक्स कार्डाला जोडली जातात. सोनीचा पीएस व्हीआर२ देखील ऑगस्ट २०२४ पासून वेगळा अ‍ॅडॅप्टर घेऊन पीसीला लावता येतो; त्याला डिस्प्लेपोर्ट १.४ तर लागतोच, शिवाय कंट्रोलरसाठी कॉम्प्युटरमध्ये ब्लूटूथ लागतं. डिस्प्लेपोर्टची केबल अ‍ॅडॅप्टरसोबत येत नाही, ती आधीच आणून ठेवा. नाहीतर रविवारी दुपारी सगळं मांडून बसाल आणि वायरीसाठी अडाल.

दुसऱ्या जातीत क्वेस्टचं कुटुंब. यात चित्र यूएसबीने किंवा वायफायने व्हिडिओसारखं दाबून जातं. ग्राफिक्स कार्ड आधी फ्रेम काढतं, मग तीच एन्कोड करतं, हेडसेट ती उलगडून दाखवतो. कार्डावर थोडा जादा भार, प्रतिमेत थोडा उशीर. पण पडदा कुठल्या पोर्टला लावायचा ही कटकट नाही.

जुन्या बाजारात एचपी रिव्हर्ब जी२ किंवा तसले विंडोज मिक्स्ड रिॲलिटीचे हेडसेट स्वस्तात दिसतील. पडदा उत्तम असतो, मोह होतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत या प्रणालीचा आधारच काढून टाकला आहे. नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

पायरी ३: आहे ते मशीन आधी तपासा

नवीन काहीही घेण्याआधी एक संध्याकाळ यावर घालवा. स्टीमव्हीआरच्या सेटिंगमध्ये फ्रेम टायमिंगचा आलेख आहे. एफपीएसव्हीआर नावाचं एक छोटं विकतचं सॉफ्टवेअर तेच आकडे हेडसेटच्या आत मनगटावर दाखवतं; मला ते सोयीचं वाटतं.

तुम्ही खेळणार त्यातला सगळ्यात जड गेम लावा. दोन आकडे बघा: सीपीयूला (प्रोसेसरला) एका फ्रेमला किती मिलिसेकंद लागतात आणि जीपीयूला (ग्राफिक्स कार्डाला) किती. मग स्टीमव्हीआरमधलं रिझोल्यूशन १०० वरून ५० टक्क्यांवर आणा आणि पुन्हा बघा.

वरच्या मजल्यावरच्या मशीनवर १०० टक्क्यांना जीपीयू २४ मिलिसेकंद घेत होता आणि सीपीयू ७. रिझोल्यूशन निम्मं केल्यावर जीपीयू १४ वर आला, सीपीयू सातच्या आसपासच राहिला. निकाल स्पष्ट: कार्ड अपुरं, प्रोसेसरला हात लावायची गरज नाही. त्याच्या वडिलांनी एव्हाना अख्खा नवीन कॉम्प्युटर घ्यायची तयारी केली होती. ते पैसे तिथेच वाचले. उलट, रिझोल्यूशन कमी करूनही ठोके हुकतच राहिले आणि सीपीयूचाच आकडा ११ च्या वर असेल, तर कितीही महागडं कार्ड आणा, फरक पडणार नाही.

तिसरी शक्यता असते. दोन्ही आकडे बरे दिसतात, पण दर काही सेकंदांनी एक उंच सुळका येतो. तेव्हा टास्क मॅनेजर उघडून ग्राफिक्स मेमरी बघा. त्या मुलाच्या कार्डावर ४ जीबी होती आणि ती काठोकाठ भरलेली. मेमरी भरली की कार्ड साध्या रॅममधून माल आणायला लागतं, आणि तो रस्ता फार हळू आहे. सुळके मेमरीमुळे नसतील तर पाठीमागे चालणारी मंडळी तपासा: अँटिव्हायरसचं स्कॅन, रंगीत दिव्यांची सॉफ्टवेअर्स, ब्राउझरचे तीस टॅब.

पायरी ४: ग्राफिक्स कार्ड

बजेटचा मोठा घास इथेच जातो आणि जावा. शंभर रुपये असतील तर चाळीस-पंचेचाळीस कार्डाला, असं माझं गणित.

२०१६ मध्ये पहिला ऑक्युलस रिफ्ट आला तेव्हा शिफारस जीटीएक्स ९७० ची होती. जुन्या लेखांत अजून तीच नावं फिरतात. तो पडदा एका डोळ्याला १०८० गुणिले १२०० होता हे विसरू नका. आजच्या क्वेस्ट ३ चे पिक्सेल त्याच्या साडेतीन पट आहेत.

क्वेस्ट २ किंवा ३एस आहे आणि ताल धरून ठोकळे कापायचे, टेबल टेनिस खेळायचं, एवढंच असेल तर आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं किंवा ४०६० एवढ्यावर मजेत निभतं. क्वेस्ट ३ वर मोठे गेम ९० हर्ट्झला, रिझोल्यूशनची काटछाट न करता खेळायचे असतील तर आरटीएक्स ४०७० किंवा ५०७०, नाहीतर एएमडीचं आरएक्स ७८०० एक्सटी किंवा ९०७०. मधल्या पायरीवर आरटीएक्स ५०६० टीआय आहे, पण ते ८ आणि १६ अशा दोन मेमऱ्यांत येतं. नाव तेच, खोकं तसंच. व्हीआरसाठी १६ चंच घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या. विमानाच्या किंवा कार रेसिंगच्या सिम्युलेटरसाठी पिमॅक्स क्रिस्टल घ्यायचा बेत असेल तर ४०९०, ५०८०, ५०९० अशा गल्लीत शिरावं लागतं, आणि तिथे माझ्या सल्ल्यापेक्षा तुमच्या बँक बॅलन्सचा सल्ला घ्या.

मेमरीबद्दल थोडक्यात: आज ८ जीबी ही तळाची रेषा, १२ वर झोप शांत लागते. व्हीआरचॅटसारख्या ठिकाणी, जिथे खोलीत वीस अनोळखी माणसं वीस अवतार घालून येतात, तिथे १६ सुद्धा भरताना पाहिलंय.

क्वेस्ट वापरणार असाल तर मी एनव्हिडियाकडे झुकतो, कारण चित्र दाबून पाठवायचं काम त्यांचा एन्कोडर सफाईने करतो. आरटीएक्स ४० मालिकेपासून त्यात एव्ही१ (चित्र दाबायची नवी पद्धत) आलंय आणि क्वेस्ट ३ ते उलगडू शकतो. कमी बँडविड्थमध्ये जास्त स्वच्छ चित्र. एएमडीलाही आरएक्स ७००० पासून एव्ही१ आहे. डिस्प्लेपोर्टचा हेडसेट असेल तर एन्कोडरचा प्रश्नच येत नाही, मग एएमडीत पैसे जास्त वसूल होतात. इंटेल आर्क मॉनिटरवरच्या गेमसाठी चांगली असली तरी मेटाच्या लिंकला (क्वेस्ट पीसीला जोडायच्या सोयीला) ती चालत नाहीत. व्हीआरसाठी नको.

दुकानदार एक आकडा हमखास सांगेल: "साहेब, फ्रेम जनरेशनने तिप्पट एफपीएस." ते, म्हणजे कार्डाने मधल्या फ्रेम स्वतःच रचणं, मॉनिटरवरचं. व्हीआरमध्ये ते कामाला येत नाही. खोक्यावरचे मोठे आकडे त्या सोयीसकटचे असतात, म्हणून ती बंद ठेवून मिळालेले आकडे शोधा.

पायरी ५: प्रोसेसर, रॅम, डिस्क

दोन डोळ्यांसाठी दृश्य दोनदा मांडावं लागतं, त्यामुळे प्रोसेसरला काम वाढतं, पण बहुतेक गेम थोड्याच कोअरवर (प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या भागांवर) ताण देतात. सहा चपळ कोअर पुरतात: रायझन ५ ७६००, इंटेल आय५ १२४०० या वर्गातलं काहीही. बाजारात कंपन्यांनी काढून टाकलेली झिऑनची (इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरची) वर्कस्टेशनं "बारा कोअर, चौदा कोअर" म्हणत स्वस्तात मिळतात. एकेक कोअर जुना आणि मंद असतो. व्हीआरमध्ये ती रडकुंडीला येतात.

अपवाद फ्लाइट सिम्युलेटरचा. तिथे प्रोसेसरच आधी दमतो. रायझन ७ ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी यांच्यात ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, ७६०० मध्ये ३२. या एका फरकाने सिम्युलेटरमधले सुळके खूप खाली येतात. बाकी गेमसाठी तोच पैसा कार्डात घाला.

रॅम १६ जीबी, आणि ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. एकच पट्टी लावली की मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो. सिम्युलेटरवाल्यांनी ३२ घ्यावी. डिस्क एसएसडी हवी, कुठली ते गौण. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, त्यामुळे मशीन विंडोज ११ च्या अटींत बसतंय ना तेवढं बघा. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सगळे प्रोसेसर तिथेच गळतात.

पायरी ६: लॅपटॉप घेणार असाल तर

इथे मी स्वतः फसलोय, म्हणून जरा थांबतो. काही वर्षांपूर्वी "व्हीआर रेडी" चिकटपट्टीचा लॅपटॉप घेतला. तगडं कार्ड, बाजूला मिनी डिस्प्लेपोर्ट. हेडसेट लावला की पडदा काळा. दोन रात्री ड्रायव्हर काढ-घाल केल्यावर कळलं की तो पोर्ट प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सला जोडलेला होता. तगडं कार्ड आत, पण त्याला बाहेर यायला दारच नाही. एचडीएमआय मात्र बरोबर कार्डाला जोडलेला, पण माझ्या हेडसेटला तो चालत नव्हता. दुकानदाराचं म्हणणं, पोर्ट तर दिलाय की!

हे दुकानातच तपासता येतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये सराउंड आणि फिजएक्सचं पान आहे. तिथे कुठला पोर्ट कुठल्या ग्राफिक्सला जोडलाय त्याचं चित्र दिसतं. यूएसबी-सी मधून डिस्प्लेपोर्ट काढणार असाल तर तिथे एखादा मॉनिटर लावून हेच पान बघा. क्वेस्टवाल्यांना ही भानगड नाही, आणि लॅपटॉपवर मी क्वेस्टचीच शिफारस करतो ती त्यामुळेच.

दुसरी मेख वॅटची. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०६० कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कसंही बसवू शकते. पातळ, देखण्या लॅपटॉपमधलं ४०६० आणि जाडजूड लॅपटॉपमधलं ४०६० ही केवळ नावाने भावंडं. टीजीपी (कार्डाला घेऊ दिलेली वीज) किती वॅट, हा प्रश्न विचारा. उत्तर येत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर ते मॉडेल उघडायला लावा. शिवाय लॅपटॉपमधल्या ४०७० ला ८ जीबी मेमरी आहे, डेस्कटॉपवरच्या ४०७० ला १२.

पायरी ७: केबल आणि राउटर

कार्डावर हजारो रुपये घालून माणसं इथे शंभर वाचवतात.

केबलने क्वेस्ट चालवायचा तर यूएसबी ३ ची, डेटा वाहून नेणारी, तीन ते पाच मीटर लांब केबल लागते. मोबाइलच्या चार्जिंगची केबल दिसायला तशीच असली तरी बहुतेक वेळा यूएसबी २ ची असते: ४८० मेगाबिटची कमाल मर्यादा, यूएसबी ३ ची ५ गिगाबिट. मेटाच्या अ‍ॅपमध्ये केबल तपासायची सोय आहे, ती वापरा. आणि केबल कॅबिनेटच्या पाठीमागे, थेट मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावा. पुढच्या पोर्टला आतून एक बारीक वायर गेलेली असते, आणि खेळ रंगात आला की नेमकं तिथेच कनेक्शन सुटतं.

वायफायवर खेळायचं तर नियम एकच: कॉम्प्युटर राउटरला वायरीने जोडलेला हवा, हेडसेट त्याच खोलीत ५ गिगाहर्ट्झवर. वरच्या मजल्यावर राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर बेडरूममध्ये आणि दोघंही वायफायवर. प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जात होती, दोन भिंती ओलांडून.

वायर टाकली तरी फरक पडेना. विंडोजमध्ये लिंक स्पीड बघितला तर १०० मेगाबिट. ब्रॉडबँडवाल्याने फुकट दिलेल्या राउटरचे लॅन पोर्टच तेवढे. घरी नेट ५० मेगाबिटचं असेल तर हे कधीच लक्षात येत नाही, पण व्हीआरचा प्रवाह सहज १०० ते २०० मेगाबिटचा असतो. गिगाबिट पोर्टचा वायफाय ६ राउटर वेगळा आणून फक्त हेडसेटसाठी ठेवा. इंटरनेटचा वेग किती हा मुद्दा इथे येतच नाही.

पायरी ८: वीज आणि उकाडा

आरटीएक्स ४०६० ११५ वॅट घेतं, ५०७० २५० वॅट. एनव्हिडिया त्यांना अनुक्रमे ५५० आणि ६५० वॅटचा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) सुचवते. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर छापलेला आकडा मी धरत नाही. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का असलेला) घ्या.

यूपीएसकडेही बघा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा, आणि त्यातून सुमारे ३६० वॅटच मिळतात. मोठं कार्ड जोरात चालू असताना लाइट गेली की तो मान टाकतो आणि मशीन धाडकन बंद. १००० व्हीएच्या पुढचा बघा. नागपूर-चंद्रपूरकडच्यांना मे महिन्यात आणखी एक सुळका दिसेल: बाहेर ४५ अंश, खोलीत ३८, आणि वीस मिनिटांनी कार्ड तापून स्वतःचा वेग कमी करतं. जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट, पुढे दोन पंखे, मागे एक.

पायरी ९: बिल आणि पहिला आठवडा

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, पक्कं बिल आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर हवाच. हेडसेट परदेशातून आलेला असेल तर त्याच्या वॉरंटीचं इथे काय होणार ते पैसे देण्याआधी विचारा.

मशीन घरी आल्यावर परतीची मुदत संपण्याआधी एकदा तरी सलग पाऊण तास खेळा. पहिली दहा मिनिटं सगळीच मशीनं छान चालतात. पाऊण तासानंतरचा आलेख बघायचा: जीपीयूची रेष ९० हर्ट्झला ११.१ च्या खाली आणि जरा अंतर राखून हवी. मी ९ पर्यंत धरतो, कारण गर्दीच्या दृश्यात ती वर जातेच. गेली वर तर आधी रिझोल्यूशन ८५ टक्क्यांवर आणा, तरी नाही जमलं तर ७२ हर्ट्झवर या, तिथे १३.९ मिलिसेकंद मिळतात. वरच्या मजल्यावर आता ५०६० टीआय आहे, १६ जीबीचं. प्रोसेसर तोच जुना. रेष साडेनऊवर असते. मळमळ गेली, पण परवा त्याने उत्साहात टीव्हीच्या पडद्यावर कंट्रोलर आपटला, आणि त्यावर माझ्याकडे पायरी नाही.